संग्रह आणि घट

मनुष्यास संग्रहाची बुद्धी निसर्गाने दिली की समाजाने शिकविली, हा वाद आम्ही मानसशास्त्राच्या पंडितांवर सोपवितो. मुंगी कण साठविते ते पावसाळ्यासाठी. कुणबी बियाणे राखून ठेवतो ते पुढल्या मृगासाठी. आणि आमच्यासारखा एखादा प्राध्यापक जुने पितळी गडवे काचेच्या कपाटात ओळीने मांडून ठेवतो, ते कशासाठी, याचे उत्तर मुंगीच्या वा कुणब्याच्या उदाहरणावरून मिळत नाही. त्या गडव्यांतून आम्ही पाणी पीत नाही, ते विकून नफा करावा असा आमचा हेतू नाही, आणि त्यांवाचून आमचे काही अडले होते असेही नाही. तेव्हा प्रश्न असा की, ज्या वस्तूची आपणांस गरज नाही, ती केवळ आवडली म्हणून आपली करून घेण्याचा अधिकार मनुष्यास कोणत्या आधारावर प्राप्त होतो? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि तीस वर्षे तेच शास्त्र वर्गात शिकविण्यात घालविल्यामुळे तो आम्हांस सोपा जावयास हवा होता. तसा तो गेला नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. या खटल्यात आम्ही न्यायाधीशही आहोत आणि आरोपीही आहोत, ही गोष्टही वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आमच्या कपाटाचा आरंभ, चमत्कारिक वाटेल, परंतु एका परदेशी मद्यपात्राने झाला. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियाहून एक मातीचा पेला पाठविला. पेला कसला, तो एक मुखवटाच होता: तपकिरी लुकण, वटारलेले डोळे, विचकलेले दात. पॅसिफिक महासागरातील बेटांवर, विशेषतः न्यूझीलंडच्या माओरी लोकांत, टिकी हे आदिपुरुषाचे नाव आहे, आणि लाकडात अथवा दगडात कोरलेल्या मनुष्याकृतीसही तो शब्द लावतात. १९३३ साली अमेरिकेत मद्यबंदी उठली. त्याच सुमारास हॉलिवुडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या गृहस्थाने बेटांच्या थाटाचे एक पानगृह काढले, आणि १९३४ साली ओकलंड येथे व्हिक्टर बर्जेरन याने आपले उपाहारगृह उघडले, ज्याला पुढे असेच बेटांचे रूप मिळाले. पाठोपाठ तशा पानगृहांची एक लाटच आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती फार उंच चढली व तीत हे टिकी मग जन्मास आले. त्यांतील पुष्कळसे घडविले जपानात, विकले अमेरिकेत, आणि चेहरा मात्र पॉलिनेशियन देवांचा! गिऱ्हाईके पेय संपल्यावर पेलाही खिशात घालून घरी नेत, अशी त्यांची ख्याती आहे. पुढे ती तऱ्हा मागे पडली, पानगृहे बंद झाली, पेले जुन्या बाजारात आले, आणि जेथे वस्तू निरुपयोगी ठरते तेथे संग्राहक जन्म घेतो या न्यायाने त्यांचे संग्राहकही निर्माण झाले.

आमच्या विद्यार्थ्याने सोबतच्या पत्रात नवशिक्या संग्राहकासाठी चार गोष्टी लिहिल्या होत्या. पेला हाती घेताच तोंडाकडे न पाहता बुडाकडे पाहावे. तेथे पानगृहाचे नाव अथवा कारखान्याची खूण असते. काठावरून बोट फिरवून टवका गेला आहे काय ते पाहावे. दिसेल तो पेला घेऊ नये; एखादे पानगृह, एखादा कुंभार निवडून त्याच्यापाशीच राहावे. आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद त्याच दिवशी लिहावी. उपदेश उत्तम होता, आणि पुढे पितळेच्या बाबतीत तो आम्हांस तसाच उपयोगी पडला. पण त्या पेल्याकडे पाहताना आमच्या मनात काही वेगळेच आले. कोणी परदेशीयाने आमच्या देवघरातील खंडोबाच्या टाकाचा प्याला करून त्यात मद्य ओतले असते, तर आम्ही गंमत म्हणून त्याचा संग्रह केला असता काय? म्हणून तो मग आम्ही कपाटात ठेवला नाही. मेजावर ठेवला आणि त्यात टाक-पेन्सिली घातल्या. मात्र त्याने लावलेली चटक गेली नाही. कॅलिफोर्नियातील मनुष्य जर आपल्या आजोबांच्या मद्यपात्रांसाठी गावोगाव हिंडतो, तर आमच्या आजीच्या गडव्याने काय पाप केले, असे मनात आले आणि आम्ही मोडीच्या दुकानांतून डोकावू लागलो.

पुण्याकडे ज्याला तांब्या म्हणतात त्याला आमच्या वऱ्हाडात गडवा म्हणतात, हे येथे सांगितले पाहिजे. नाही तर पुण्याच्या वाचकास आम्ही मातीच्या गाडग्यांविषयी बोलतो आहोत असे वाटावयाचे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या गावांच्या बाजारांत भांड्यांच्या दुकानाच्या मागल्या बाजूस मोडीचा ढीग असतो. स्टेनलेस पोलाद घरोघर शिरल्यापासून, म्हणजे गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून, गुंड, घंगाळे, चरव्या, कासांड्या, फुलपात्रे, परात्या, पंचपात्र्या या ढिगांत येऊन पडू लागल्या. कल्हई करणारा दारावर येईनासा झाला. कल्हईवाचून पितळेत आंबट कळकते. म्हणून पितळ गेले. यात कोणाची कृतघ्नता नाही. ज्या गृहिणीस रोज पहाटे राख-चिंचेने अर्धा मण पितळ घासावे लागले, तिने पोलादाच्या हलक्या पेल्याचे स्वागत केले, तर तिला सौंदर्यदृष्टी नाही असे म्हणणाऱ्या पुरुषाने आधी आठ दिवस ती भांडी घासून पाहावीत. आम्ही आमच्या संग्रहातील घासतो, ती वर्षातून एकदा, आणि तीही हलक्या हाताने.

अशा ढिगातून जुना गडवा ओळखावयाचा कसा? पहिली परीक्षा हाताची. घडीव भांडे हातोड्याने ठोकून वाढविलेले असते. तिरप्या उजेडात धरले की मठारकामाच्या बारीक चकत्या अंगभर दिसतात, आणि बोट फिरविले की त्या कळतातही. पोट व गळा निराळे घडवून डाखाने जोडलेले असतील, तर आतल्या बाजूस फिकट रेघ उमटते. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्यावर एकसारखी वलये असतात आणि जाडी सर्वत्र सारखीच. ओतीव भांडे त्याहून जड. मग बूड पाहावे. पन्नास-साठ वर्षे जे भांडे चुलीपाशी, पाटापाशी, देवापाशी सरकविले गेले, त्याच्या बुडाची झीज सगळीकडे सारखी नसते. बनावट वस्तूस लोक औषधे लावून काळी करतात, पण झीज त्यांना साधत नाही. मात्र या साऱ्याहून मोठी खूण म्हणजे नाव. आपल्या लोकांत भांड्यावर नाव घालण्याची जी चाल आहे, तिच्याकडे आमच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हांस वाटते. कोणी, कोणास, कोणत्या निमित्ताने, कोणत्या शकात दिले, हे पेल्याच्या काठाखाली टोच्याच्या ठिपक्यांनी लिहिलेले असते. राजांनी ताम्रपट लिहविले. ज्यांना राज्य नव्हते त्या बायांनी फुलपात्रांवर नावे घातली.

ही तुलना आम्ही अलंकार म्हणून करीत नाही. आमचे वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथेच दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील तो लेख काही संस्कृतात व बराचसा प्राकृतात असून, नांदेडकडील एका गावाचे अथर्ववेदी ब्राह्मणांस केलेले दान त्यात नोंदले आहे. वाकाटकांची वत्सगुल्मची शाखा इतिहासात नीट जागेवर बसली, ती मुख्यतः या तांब्याच्या पत्र्यांमुळे. कोणा कासाराच्या मुशीत ते पत्रे गेले असते तर त्यांची दोन घंगाळी झाली असती आणि एक राजा कायमचा नाहीसा झाला असता. अर्थात संग्राहक आपल्या बाजूने जो पहिला पुरावा पुढे करतो तो हाच: मी वस्तू घेतली नाही, मी तिला भट्टीतून सोडविले.

हा पुरावा खोटा नाही. दिनकर गंगाधर केळकर यांचे उदाहरण कोणत्याही मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहील. १८९६ साली जन्मलेले हे गृहस्थ 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि १९९० साली ते निवर्तले तोवर तो सुटला नाही. शस्त्रे, चित्रे, मूर्ती यांचे संग्रह राजेरजवाडे करीतच होते. केळकरांनी गोळा केले ते अडकित्ते, दिवे, दौती, फणेरपेट्या, पाय घासावयाच्या वज्र्या. ज्या वस्तू घरातील बाईच्या हातात रोज असत व म्हणूनच कोणास दिसत नसत, त्या त्यांनी पाहिल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच गेला. त्याच्या नावाने ते संग्रहालय उभे राहिले, आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा तो ठेवा १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यास त्या दालनांतून हिंडताना आम्हांस नेहमी एक गोष्ट जाणवते. केळकरांनी वस्तू घेतल्या खऱ्या, पण त्या घेण्याचा शेवट देण्यात झाला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे मिळवीत हिंडले, पण मिळालेला कागद छापून सर्वांचा करीपर्यंत त्यांना चैन नसे. संग्रह हा जर काही काळापुरता विश्वस्तपणा असेल, तर त्याला नीतिशास्त्राची हरकत नाही. आणि आमचा संग्रह? तो चौतीस नगांचा आहे. त्याला दालन नाही, पाहावयास येणारे म्हणजे जावई व विद्यार्थी. आणि त्याच्या कपाटाची किल्ली आमच्याजवळ असते.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो.

रिसोडच्या बाजूच्या एका खेड्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहत. मुले शहरात. पावसाळ्यापूर्वी घराची टिने बदलावयाची होती, त्यासाठी त्या जुनी भांडी मोडीत घालणार आहेत असे कळले, आणि आम्ही, मदतीच्या मिषाने म्हणा वा लोभाने म्हणा, तेथे जाऊन पोहोचलो. ओसरीवर भांडी मांडलेली होती. त्यांत एक गडवा असा होता की, पाहताच आमचा श्वास क्षणभर थांबला. घडीव, रुंद पोटाचा, आखूड गळ्याचा, काठ किंचित बाहेर वळलेला. खांद्यावर दोन ओळी. वरची ओळ: मावशीकडून भाचीस, लग्नाप्रीत्यर्थ, शके १८३५. खालची, निराळ्या हाताची: आत्याकडून भाचीस, लग्नाप्रीत्यर्थ, शके १८७९. म्हणजे १९१३ साली जी भाची म्हणून घेणारी होती, तीच १९५७ साली आत्या होऊन देणारी झाली होती. भिंग काढून आम्ही तो लेख त्या बाईंसमोरच मोठ्याने वाचला, आणि विद्वत्तेच्या भरात शकाचा इसवी सनही करून सांगितला. त्या नुसत्या हसल्या. खालच्या ओळीतील भाची त्याच होत्या. त्यांचे नाव आम्ही त्यांनाच वाचून दाखवीत होतो, हे आमच्या ध्यानात आले ते घरी परतल्यावर.

भांडी घेऊन सर्व मंडळी मोडीच्या दुकानी गेली. गडवा आम्ही घेणार असे ठरलेलेच होते; किंमत मोडीच्या दराने, म्हणजे दुकानदार जे देईल तेच, हेही ठरले, आणि बाईंनी त्यास आनंदाने मान्यता दिली. वजन अकराशे ग्रॅम भरले. दर किलोस तीनशे. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे शेकडा दहा घट धरली, दोनशे सत्त्याण्णव रुपये सांगितले, आणि आम्ही तेवढे मोजून दिले. घट म्हणजे काय, हे शहरी वाचकास सांगावयास हवे: जुने भांडे आटविले की कल्हई, डाख, मळ जळून वजन कमी होते, ती तूट आधीच वजा करून मोड विकत घेतात. व्यापारात हे न्याय्य आहे.

रात्री गडवा घरी दाखविला. घरातून त्याचे कौतुक झाले, वजन विचारले गेले, किंमत विचारली गेली. आम्ही हिशेब सांगितला. मग एक साधा प्रश्न आला: "घट कशाची? तुम्ही तो आटवणार होता का?"

आम्ही बरेच काही बोललो. तो रिवाज आहे, दुकानदाराने धरली, आम्ही नाही. रक्कम तेहतीस रुपये आहे, तेवढ्यात हल्ली दोन माणसांचा चहा होतो. उत्तरे सर्व बरोबर होती आणि एकही लागू नव्हते. जी तूट व्हावयाची नव्हती, जी होऊ नये म्हणूनच आम्ही तो गडवा घेतला होता, त्या तुटीचा भुर्दंड आम्ही त्या बाईंवर घातला होता. भट्टीतून सोडविल्याचे श्रेय आमच्याकडे, आणि भट्टीत जळणाऱ्या पितळेची किंमत त्यांच्याकडून!

येथे आमच्यातला प्राध्यापक जागा झाला आणि त्याने नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूची वकिली केली. व्यवहार खुषीचा होता. बाईंस फसविले नाही; दुकानदाराने जे दिले असते तेच त्यांस मिळाले, कणभरही कमी नाही. मग अन्याय कोणता? ज्यामुळे कोणाचे पूर्वीहून वाईट झाले नाही, त्या कृत्यास अन्याय म्हणता येईल काय? हा युक्तिवाद बाजारात उत्तम चालतो. त्याच्यातील खोच अशी की, विकणारी बाई धातू विकीत होती आणि घेणारा धातू घेत नव्हता. दुकानदार गडव्यात पितळ पाहत होता व त्याने पितळेचा भाव सांगितला. तो प्रामाणिक होता. आम्ही त्यात घडण पाहत होतो, शके १८३५ पाहत होतो, दोन लग्ने पाहत होतो, आणि जे पाहत होतो त्याविषयी गप्प राहून पितळेचा भाव दिला. दोन्ही पक्षांस एकच शब्द वापरता येतो म्हणून एकच वस्तू विकली जाते असे नाही. आमचे ज्ञान हेच आमचे भांडवल होते, आणि ते आम्ही भिंगासकट त्यांच्या ओसरीवर मिरविले; वजनकाट्यापाशी मात्र ते खिशात घातले.

कोणी म्हणेल, असे पाहू गेल्यास कोणत्याच संग्राहकाने काही घेऊ नये. त्याचा सारा आनंदच मुळी दुसऱ्यास न दिसलेले आपणांस दिसले यात आहे. ही गोष्ट आम्ही मान्य करतो. शोधाचा आनंद व सौद्याचा आनंद हे संग्राहकाच्या मनात इतके मिसळलेले असतात की, त्यांस वेगळे करणे त्याचे त्यालाच जड जाते. जुन्या वस्तू जमविणारी माणसे एकत्र आली की, वस्तू किती सुंदर यापेक्षा ती किती स्वस्तात पदरी पडली, याच्याच कथा अधिक रंगतात, आणि त्या कथांत विकणारा नेहमी अडाणी असतो. अशा बैठकींत आम्हीही त्या गडव्याची कथा दोनदा सांगितली आहे.

या प्रश्नावर प्रकाश हवा असेल तर फार दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यातील कारंजा हे दिगंबर जैन भट्टारकांचे जुने पीठ. तेथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांत हस्तलिखितांचे भांडार शतकानुशतके सांभाळले गेले. रायबहादुर हीरालाल यांच्या १९२६ सालच्या सूचीने त्यांची विद्वानांस ओळख झाली, आणि मग दहाव्या शतकातील पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये तेथून उजेडात आली: 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्यांनी १९३१ साली, 'णायकुमारचरिउ' प्रा. हीरालाल जैन यांनी १९३३ साली, कारंजाच्याच ग्रंथमालेत. आता गंमत पाहावी. अपरिग्रह हे ज्या धर्माचे महाव्रत, त्याच धर्माच्या लोकांनी या भागातील सर्वांत मोठा संग्रह केला. हा विरोधाभास आम्ही एकदा तेथील एका वयोवृद्ध गृहस्थांपुढे मांडला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की, परिग्रहाची व्याख्या आधी पाहा. तत्त्वार्थसूत्रात ती वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. वस्तूविषयीच्या मूर्च्छेवरून, म्हणजे ममत्वाच्या गुंगीवरून केली आहे. आणि गृहस्थास सर्वस्वी त्याग झेपणार नाही हे जाणून त्याला सांगितले ते परिमाण: शेत किती, घर किती, सोने-रुपे किती, धान्य किती, हे आधीच ठरवावे व ती मर्यादा ओलांडू नये. त्या यादीत 'कुप्य' नावाचे एक कलम आहे. कपडे, भांडी वगैरे किरकोळ माल त्यात येतो. पितळी गडव्यांचा एवढा विचार धर्मशास्त्राने करून ठेवला असेल, याची आम्हांस कल्पना नव्हती.

कपाट चौतीसावर थांबले ते त्या दिवसापासून. संख्या ठरविणे सोपे असते. आज चार वर्षे आम्ही ती पाळली आहे, आणि पाळण्याचा अभिमानही बाळगला आहे, जो बहुधा पस्तिसावा नग ठरावा. मूर्च्छेचे काय? ती मोजण्यास काटा नाही. पण परीक्षेचा एक प्रसंग आला.

घटीचे तेहतीस रुपये देण्यास आम्ही त्या खेड्यात पुन्हा गेलो. तेवढेच न देता गडव्याची काही रास्त किंमतही द्यावी म्हणून जास्त पैसे नेले होते. टिने नवी झाली होती. बाईंनी चहा केला. तेहतीस रुपयांची गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या की शेजारीण दारात आली. पैसे काही त्यांनी घेतले नाहीत. टिनांचे भागले, आता काय करू, म्हणाल्या. गडव्याची किंमत त्यांना आम्ही समजावू लागलो, तर त्यांनी ती ऐकलीही नाही. त्यांनी दुसरेच विचारले.

"यातून पानी तं पेता ना, मास्तर?"

आम्ही पीत नव्हतो. गडवा कपाटात, काचेमागे, वरच्या फळीवर होता. त्याखाली चिठ्ठी होती, चिठ्ठीवर वजन, उंची, शक. हो म्हणणे अशक्य होते, नाही म्हणणे त्याहून अशक्य. आम्ही आत्याबाईंची चौकशी केली. आत्याने तो गडवा स्वतःच्या घरी चव्वेचाळीस वर्षे वापरला होता आणि मग भरलेला दिला होता. रिकामे भांडे लेकीबाळीस देऊ नये म्हणून त्यात तांदूळ घालून, असे त्यांनी सांगितले. सुनेला देऊन पाहिला, पण तिच्या घरी ठेवावयास जागा नाही. तिचा दोष नाही, घरच केवढे. तेव्हा आमच्या लक्षात आले की, हा गडवा कधीच कोणाच्या मालकीचा म्हणून घडलेला नव्हता. एकीकडून दुसरीकडे जाण्यासाठीच तो होता. शंभरावर वर्षे चाललेली ती वाट प्रथम जिने अडविली ती आमच्या कपाटाची काच.

संग्रहालयशास्त्र जाणणारे म्हणतील की, वापर म्हणजे नाश. तेही खोटे नाही. परत आल्यावर आम्ही गडवा कपाटातून काढून पाण्याच्या तिवईवर ठेवला. आता त्यातून पाणी पितो. तिसऱ्याच महिन्यात नातीच्या हातून तो फरशीवर पडला व काठास पोचा आला. ती घाबरून आमच्याकडे पाहत राहिली. आम्ही "काही नाही" म्हणालो, परंतु त्या आधी क्षणभर जे मनात आले ते तिने चेहऱ्यावर वाचले असावे, कारण त्यानंतर चार दिवस ती पोलादी पेल्यातूनच पाणी पीत होती. कारंजाच्या त्या वृद्ध गृहस्थांनी ज्याला मूर्च्छा म्हटले ती हीच असेल तर, तिच्यावर उपाय सांगण्यास आम्ही पात्र नाही.

येत्या वैशाखात आमच्या बहिणीच्या मुलीचे लग्न आहे. गडव्याच्या खांद्यावर दोन ओळींच्या खाली तिसऱ्या ओळीपुरती जागा मोकळी आहे. मावशीकडून भाचीस झाले, आत्याकडून भाचीस झाले. मामाकडून व्हावे, असे घरात बोलणे निघाले आहे. ज्या बाईंचे नाव खालच्या ओळीत आहे त्यांना विचारून आलो. त्यांनी तांदूळ घालावयास विसरू नका एवढेच सांगितले. भाचीलाही विचारले. तिने मोकळेपणी सांगितले की, आवडेल, पण तिचे नवे घर दोन खोल्यांचे आहे, आणि पुढे तिला तो कोणास द्यावासा वाटला तर आम्ही रागावता कामा नये. आम्ही तिला होकार दिला आहे. बाजारातल्या कासाराकडे हल्ली विजेची लेखणी असते. नाव घालण्यास दहा मिनिटे लागतात, पैसेही फार पडत नाहीत. पोचा काढून द्यावा का, असे त्याने विचारले. राहू दे म्हणून सांगितले. ओळीचा मजकूर लिहून आम्ही कागद त्याच्या दुकानी ठेवून आलो. गडवा अजून तिवईवरच आहे.